झाकलेली नावं

"नावं झाकून माल निवडा," हे टोमॅटो पिकवणाऱ्यांच्या सहकारी संस्थेच्या सभेत मीच सुचवलं. शाळेत वक्तृत्वाचं बक्षीस नुकतंच मिळालं होतं, त्यामुळे तोंडाला लगाम उरला नव्हता. सभासद चांगले टोमॅटो गुपचूप व्यापाऱ्याला विकायचे आणि उरलासुरला माल संस्थेत घालायचे. सॉसच्या कारखान्याने आमची गाडी एकदा परत पाठवलीच होती. आता पुन्हा परत आली तर करार मोडणार आणि संस्थेला कुलूप लागणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

संस्थेचे जुने सभासद मिशाकाका हसले. "मग निवडायला तूच बस. शाळेतली पोर, ना कुणाच्या घेण्यात ना देण्यात."

म्हणून रविवारी शेडमध्ये मी टेबलामागे. पाठीशी भिंत, पुढे क्रेटची रांग, पलीकडे हाताची घडी घातलेले सभासद. प्रत्येक क्रेटवरच्या नावाला चिकटपट्टी. मी न्यायाधीशासारखी मान ताठ करून फटाफट निकाल देत होते, आणि खरं सांगायचं तर भलतीच मजा येत होती.

मग तो क्रेट आला. सगळी फळं देठ खाली करून ओळीत रचलेली. बाकीचे लोक नुसते ओततात. असं फक्त माझी आई रचते. नाव झाकायचं मला सुचलं होतं, हात झाकायचं नाही.

वरचा थर लालबुंद. खाली बोटं घातली तर तडकलेली, पिचपिचीत फळं. पहाटे दारात व्यापाऱ्याचा टेम्पो थांबला होता. "रस्ता विचारायला आला होता," असं बाबा म्हणाले होते. बाबा, म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. आत्ता ते समोरच उभे होते आणि माझ्याकडे नाही, माझ्या हाताकडे बघत होते.

"काय गं, अडलीस कुठं?" वजनकाटा सांभाळणारी आत्या म्हणाली.

सोडला तर गाडी परत, धरला तर बाप चव्हाट्यावर. उठून पळावं तर क्रेटनी वाटही अडवलेली.

"बाद," मी म्हटलं.

मिशाकाकांनी पट्टी सोलली आणि नाव वाचलं. "अध्यक्षसाहेब, घरचाच आहेर."

कुणी हसलं नाही. बाबांनी क्रेट स्वतः उचलला. "बाद म्हणजे बाद."

मग आत्या काटा सोडून पुढे आली आणि रांगेतून आपले क्रेट ओढू लागली. "जरा पुन्हा बघून आणते." तिच्यामागे मिशाकाका. मग आणखी कुणी कुणी. अर्धीच गाडी भरली, पण कारखान्याने ती ठेवून घेतली. दर रविवारी मीच बसायचं, असं सगळ्यांनी मला न विचारताच ठरवून टाकलं.

परतताना बाबा एवढंच म्हणाले, "तुझ्या आईनं सगळे चांगलेच भरले होते. खालचे मी बदलले."

आई दारातच उभी होती. "आपला माल पास झाला का गं?"

मी बाबांकडे पाहिलं. ते वाकून चपला काढत होते, आणि चपला काही केल्या निघत नव्हत्या.