मिशी राहिली हाय की

“फाड तो कागद!” मडिवाळप्पा ओरडला.

भवानी पेठेतल्या विडी कारखान्याच्या भिंतीवर सकाळीच कुणीतरी तो चिकटवला होता. त्यावर जबडा वासून विड्यांचे कट्टे तोंडात कोंबणारा ढेरपोट्या माणूस होता. मडिवाळप्पा कारखान्याचा चेकर. चित्रातलं पोट त्याचंच, हे भोवती जमलेल्या बायांनी केव्हाच ओळखलं होतं.

बाया कारखान्यातून पान-तंबाखू नेऊन घरी विड्या वळून आणत. मडिवाळप्पा त्यातल्या मूठ-मूठ ‘छाट’ म्हणून बाजूला टाकी. त्यांची मजुरी मिळत नसे, विड्या मात्र बाजारात जात. युनियनचे पुढारी म्हणाले, “आधी बोनसचं बघू.” तेव्हा सातवी शिकलेल्या अनसूयेनं बायांचं स्वतःचं हातानं लिहिलेलं एकपानी वर्तमानपत्र काढलं. नाव ठेवलं ‘छाट’. चित्रं गुरम्माची. तिला अक्षर येत नव्हतं, पण कोळशानं ती माणूस हुबेहूब उभा करी. बहुतेकींना वाचता येत नसे, म्हणून केराबाई बातमीला चाल लावी. आताही तिनं सूर धरलाच:

“वाकडी म्हणून फेकली, दुकानात गेली कशी गं?
आमच्या बोटांची विडी, शेटच्या खिशी गं...”

“कुणी काढलं हे?” मडिवाळप्पानं विचारलं.

“म्या,” गुरम्मा पुढं आली.

“फाड. न्हायतर उद्यापास्नं तुला पान-तंबाखू बंद.”

गुरम्मानं कागदाकडं नीट पाहिलं. कनवटीचा कोळसा काढला.

“थांबा की वो. मिशी राहिली हाय.”

आणि त्याच्या देखत तिनं दोन्ही बाजूंनी त्याच्यासारखीच झुबकेदार मिशी ओढली. बाया खो-खो हसल्या. आजवर त्या चेकरसमोर हसल्या नव्हत्या.

त्याच दिवशी गुरम्माचं काम तुटलं. दुसऱ्या दिवशी एकही बाई विड्या घेऊन आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. भिंतीवर रोज नवा कागद लागला, फाटला, पुन्हा लागला. शेवटी शेट नमला. छाट विड्या बायांसमोरच चुरडायच्या, असं ठरलं. पण गुरम्माला परत घेणार नाही, यावर तो अडून बसला.

“मग आमी बी न्हाय जात,” अनसूया म्हणाली.

“जावा गं,” गुरम्मा म्हणाली. “पोरं उपाशी हायत. एवढं मिळवलं, ते माज्यापायी घालवू नगा.”

बाया मान खाली घालून आत गेल्या. छाट विड्या चुरडल्याचा आवाज बाहेर आला. गुरम्मा समोरच्या ओट्यावर ताठ बसून ऐकत होती. मांडीवर तिची बोटं पदराचं टोक वळत होती, अगदी विडीसारखं.