गरम कुंडातला चौथा शब्द

आमच्या गावच्या पोहण्याच्या तलावाची किल्ली सव्वीस वर्षं माझ्या खिशात आहे. साबण लावून अंघोळ केल्याशिवाय मी कुणाला पाण्यात उतरू देत नाही, मग तो मंत्री असो की पाद्री. शब्दसमितीलाही सूट नाही. ही समिती रोज सकाळी सात वाजता माझ्या गरम कुंडात बसते, गळ्याइतक्या पाण्यात, डोक्यावर बर्फ पडत असला तरी.

समितीत आम्ही तिघंच. मी, म्हणजे स्टेनवर; बचावपथकाच्या बोटीचा तांडेल एविंदुर; आणि दागरून. दागरून अठ्ठ्याहत्तर वर्षांची. जन्मभर जाळी सांधली, पण जीभ मासे कापायच्या सुरीची. बोटीवरची यंत्रं परदेशी, त्यांची पुस्तकं इंग्रजी. त्यातले शब्द आम्ही अकरा वर्षं आइसलँडीत आणतोय. पाण्यात कागद चालत नाही, म्हणून आमचा नियम एकच: आज सुचलेला शब्द उद्या सकाळी तिघांच्याही लक्षात राहिला, तरच तो आमच्या पुस्तकात. नाही राहिला तर गेला उडत.

सगळ्यांत छळलं ते ‘क्लिअर’नं. इंग्रजीत दोर सुटला तरी क्लिअर, माणसं बाजूला झाली तरी क्लिअर, पुढचं पाणी मोकळं असलं तरी क्लिअर.

"एका खोलीचं बिऱ्हाड आहे ते," दागरून म्हणायची. "तिथंच चूल, तिथंच बिछाना, तिथंच पाहुणे. आपल्या भाषेत खोल्या आहेत ना? मग वापरा की."

तिने त्याचे तीन वेगळे शब्द केले. चौथा मात्र अडून बसला. दोराचं एक टोक सुटलंय, पण ओझं कुठेतरी अडकून लोंबकळतंय, अशा वेळी ओरडायचं काय? तीन आठवडे झाले, शब्द सापडेना. एविंदुरने एक जोडशब्द आणला होता, तो बोलून होईपर्यंत बुडणारा बुडाला असता. दुसऱ्या दिवशी तो त्याच्याच लक्षात नव्हता.

आमच्या कोपऱ्यात चौथं कुणी बसत नसे. बोझेना रोज सातलाच यायची, वीस फेऱ्या पोहायची आणि मग लहान मुलांच्या उथळ पाण्यात गुडघे बुडवून एकटी बसायची. ती मूळची पोलंडची. मासळीच्या कारखान्यात नऊ वर्षं आणि बचावपथकात तीन. "ये की इकडे," असं मी तिला कधी म्हटलं नाही. दागरूनच्या धाकामुळे, असं आजवर सांगत आले. खरं म्हणजे मला ते सुचलंच नव्हतं.

मग बचावपथकांच्या राजधानीतल्या कचेरीतून पत्र आलं. येत्या एक तारखेपासून सगळ्या बोटींवर हुकूम इंग्रजीत द्यायचे. तुमच्या गावाला आपल्याच शब्दांचा हट्ट असेल, तर आमचा माणूस येऊन कवायत बघेल आणि ठरवेल. दागरूनने पत्र दोनदा वाचलं, घडी केली आणि त्या दिवशी कुंडात उतरलीच नाही. अकरा वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं.

गुरुवारी दुपारी तो माणूस आला. नाव स्तिर्मिर, बूट कोरे करकरीत. दागरून आणि मी धक्क्यावर उभ्या होतो.

"दागरून, शब्द झकास आहेत तुझे," आमचं पुस्तक चाळत तो म्हणाला. "पण बाई, एका शब्दाच्या जागी तीन? आणि तुमचं अर्धं पथक पोलंडचं. त्या लोकांना इंग्रजीच बरी पडणार ना?"

दागरूनने हाताने बोटीला खूण केली.

नारिंगी कपडे घातलेला, माणसाच्या वजनाचा बाहुला पाण्यात टाकला. एविंदुर यारीच्या दांड्याशी उभा राहिला. तिथून त्याला काठाखालचं काही दिसत नाही. डेकवर दोराच्या आकड्याशी बोझेना. पहिली फेरी इंग्रजीत.

"क्लिअर!" एविंदुर ओरडला.

बोझेना हलली नाही.

"क्लिअर!" आता स्तिर्मिरही धक्क्यावरून ओरडला.

"काय क्लिअर?" बोझेनाने मान वर करून विचारलं. "दोर का मी?"

"तुला इंग्रजी येत नाही?"

"कुठून येणार? कारखान्यातले मासे इंग्रजी बोलतात का?" तिने कमरेवर हात ठेवले. "नऊ वर्षं लागली मला तुमची भाषा शिकायला. दात कडकडत शिकले. आता जरा बोलायला लागले, तर तुम्हीच ती टाकून देताय?"

तिचे उच्चार ओबडधोबड होते, पण वाक्य ठणठणीत. एविंदुर खो खो हसला. स्तिर्मिरने वहीत काहीतरी लिहिलं.

दुसरी फेरी आमच्या शब्दांत. एविंदुरने पाणी मोकळं असल्याचा हुकूम दिला, बोट बाहुल्याजवळ गेली. बोझेनाने आकडा अडकवला. "फ्राउ!" तो ओरडला, तशी सगळी बाजूला झाली. दोर ताणला गेला, बाहुला पाण्यातून वर यायला लागला. दागरून ओठांतल्या ओठांत प्रत्येक शब्द म्हणत होती.

आणि बाहुल्याच्या काखेतला पट्टा कठड्याच्या खुंटीत अडकला. आकड्यातून एक टोक सुटलेलं, दुसरं अडकलेलं, बाहुला उलटा लोंबकळतोय. एविंदुरला काहीच दिसत नव्हतं, त्याचा हात दांड्यावर पुढेच चालला होता. खरा माणूस असता तर त्याचा खांदाच उखडला असता. नेमका हाच आमचा चौथा शब्द, जो नव्हता. दागरूनने माझं मनगट असं धरलं की वळ उठले.

"हाउंगिर!" बोझेना ओरडली.

एविंदुरचा हात जागच्या जागी थांबला. डेकवरची पोरं धावली, पट्टा सोडवला, बाहुला अलगद आत आला.

‘लटकतंय’, एवढाच त्याचा अर्थ. कारखान्यात पेटी पट्ट्यावरून घसरून आकड्याला लोंबकळली की सगळे असंच ओरडतात, आणि कुणी तिच्याखाली जात नाही. या गावातल्या प्रत्येकाने शाळेच्या सुट्टीत तिथे काम केलंय. एविंदुरने, मी, दागरूननेही. आमच्या कानांत तो शब्द पन्नास वर्षं पडून होता, आणि आम्ही काखेत कळसा घेऊन गावभर हिंडत होतो.

स्तिर्मिरने आमचं पुस्तक पुन्हा चाळलं. "हा शब्द यात नाही."

"उद्या सकाळी येईल," दागरून म्हणाली.

मग स्तिर्मिरने वही मिटली. "तुमच्या बोटीवर तुमचेच शब्द राहू देत," म्हणाला, "आणि ते पुस्तक मला द्या. आणखी गावं आहेत." खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली. आम्ही चारशे माणसं, आणि आमचं पुस्तक राजधानीला निघालं होतं.

शुक्रवारी सातला आम्ही कुंडात उतरलो. दागरूनने विचारलं, "कालचा शब्द?" एविंदुर आणि मी एका दमात म्हणालो. ती नुसती हुंकारली. मग तिने उथळ पाण्याकडे बघून हाक मारली, "ए बोझेना! तिथं काय पोरांच्या पाण्यात बसलीयेस? इकडे ये!"

बोझेना आली, पायरीवर घुटमळली. गरम पाणी जिथून आत येतं ती जागा दागरूनची. तिथे बसण्याची हिंमत पाद्र्यानेही केली नव्हती. दागरून त्या जागेवरून सरकली आणि शेजारच्या पाण्यावर थाप मारली.

बोझेना बसली, डोळे मिटून तिने ऊब घेतली. आम्हाला वाटलं आता आभार मानेल.

"तुमचा तो दुसरा शब्द, ‘फ्राउ’," ती म्हणाली, "जमत नाही. ओठ गारठले की तोंडातून निघतच नाही."

दागरूनने माझ्याकडे बघितलं. अकरा वर्षांत तिच्या शब्दाला असं तोंडावर कुणी नाव ठेवलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती.

"बरं," ती म्हणाली, "मग सुचव की तू."