न फुगवलेली लाट

‘आँछी!’ हा मी ऐकलेला पहिला आवाज. कारखान्यात मला तपासणारी मुलगी शिंकली, तिचं बोट दाबलं गेलं आणि माझा पहिला फोटो निघाला तो आक्रसलेल्या नाकाचा. तेव्हापासून मला न सजलेली माणसं आवडतात. मी एक जुना कॅमेरा बोलतोय. जरा हळू बोलतो, वय झालंय.

आधी मी मेदान शहरात लग्नाचे फोटो काढणाऱ्या एकाकडे होतो. तो नवऱ्यामुलींना इतकं गोरं करायचा की आया लेकींना ओळखायच्या नाहीत, तरी खूश व्हायच्या. भाषणं लांबली की मी मुद्दाम बॅटरी संपवायचो. कंटाळून त्याने मला विकलं.

घेतलं लांबोकने. तोबा सरोवराकाठी, धक्क्याजवळ त्याचं फोटोचं दुकान. स्वभावाने गरीब, पाण्याचे फोटो काढणं एवढंच व्यसन.

गेल्या शनिवारी, बाजाराच्या दिवशी, सरोवर खवळलं. लांबोकने मला तांदळाच्या प्लॅस्टिक पिशवीत गुंडाळलं, भिंगापुरतं भोक ठेवलं आणि धक्क्याच्या टोकाला जाऊन उभा राहिला. शटर संथ ठेवलं तर लाटा दुधासारख्या मऊ दिसतात. त्याने जलद ठेवलं. पाणी फुटल्या काचेसारखं थांबलं. तेवढ्यात समोरून त्याच्या मेहुण्याची, म्हणजे बायकोच्या भावाची, जोंगीची होडी आली. बाजारकरणींनी भरलेली. खट्, खट्, खट्.

काठावर उतरल्यावर जोंगी सगळ्यांना सांगत सुटला, “वादळ कसलं? पंख्याचा वारा! एक थेंब आत आला नाही. पुढच्या शनिवारीही जाणार.”

दुसऱ्या दिवशी त्याची बायको तिआर्मा दुकानात आली. लांबोकची बायको शेतावर गेलेली. आमच्याकडे मेहुण्याच्या बायकोशी थेट बोलत नाहीत. मध्ये कोणीतरी लागतं. माणूस नसेल तर भिंत चालते, खांब चालतो. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्याकडे तोंड केलं.

“कॅमेरेबाबा, मालकांना सांगा, माझा नवरा एक दिवस बुडेल आणि बायकांनाही बुडवेल. फोटोतल्या लाटा जरा मोठ्या करा. घाबरेल तरी.”

“कॅमेऱ्या, वहिनींना सांग, मी फोटोत लबाडी करत नाही.”

“सांगा त्यांना, करावीच लागेल. मी त्यांच्या बायकोच्या माहेरची आहे.”

झालं! बायकोच्या माहेरच्यांना नाही म्हणायची आमच्याकडे सोयच नाही. मी मात्र मधल्यामध्ये मजेत होतो. इतका मान मला कधी कोणी दिला नव्हता.

लांबोकने कॉम्प्युटरवर लाटा ताणल्या, आभाळ जांभळं केलं. जोंगी आला, बघितलं आणि पोट धरून हसला.

“लाए,” मेहुण्याला इथे अशीच हाक मारतात, “एवढ्या लाटेत मी मेलोच असतो की! आणि आपला डोंगर कधीपासून सुजला?”

तो गेल्यावर तिआर्मा फणकारली, “कॅमेरेबाबा, मालकांना सांगा, जरा कमी सुजवायचा होता!”

लांबोकने तो फोटो पुसून टाकला. मूळचा उघडला. लाटांना हात लावला नाही, आभाळ करडंच ठेवलं. फक्त होडीच्या छपराखालचा काळोख किंचित उजळला. आणि त्याचा हात थांबला.

आज पुन्हा शनिवार. सकाळपासून वारा सुटलाय. धक्क्यावर बाजारकरणी टोपल्या घेऊन बसल्यात. लांबोकने जोंगीला आत बोलावलं आणि फोटो समोर धरला.

जोंगी हसायच्या तयारीनेच वाकला. फोटोत तो सुकाणूशी उंच फळीवर उभा होता, पुढे बघत, दात काढून. त्याच्या पाठीमागे, छपराखाली, होडीत गुडघाभर पाणी. तीन बायका भाताच्या पातेल्यांनी ते उपसत होत्या. चौथीने तान्हं मूल डोक्यावर उचलून धरलं होतं. तिचं तोंड ओरडायला उघडलेलं. इंजिनाच्या धडधडीत जोंगीला ते ऐकूच गेलं नव्हतं.

माझ्या भिंगाला आता बुरशी धरलीय, मी फार दिवसांचा नाही. एवढंच मागणं आहे: माझ्यामागून जो कॅमेरा येईल, त्याच्या फोटोंना हात लावायचा तर जे आहे ते दिसण्यापुरताच लावा.

जोंगीने कमरेची इंजिनाची किल्ली सोडली. माझ्याशेजारी टेबलावर ठेवली. लांबोककडे पाहिलं नाही, दारात येऊन थांबलेल्या तिआर्माकडेही नाही. आणि धक्क्याकडे पाठ करून चालता झाला.