रंगाखालची सातवी पायरी

मी एक जुनी लाकडी शिडी आहे. आज मला सहाच पायऱ्या आहेत आणि मी कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून उभी असते. पण मित्रांनो, एके काळी मला अकरा पायऱ्या होत्या आणि माझं डोकं थेट छपराच्या कौलांना भिडायचं.

एका सुताराने मला आपल्या मुलीच्या लग्नासाठी घडवलं. लोक मुलीला दागिने देतात, याने शिडी दिली! पाहुणे तोंडावर हात ठेवून हसले. जावई पोस्टमन होता. सासऱ्याने त्याला बजावलं, "हिला तेल पाज, रंग कधी देऊ नकोस. रंगाखाली दुखणं लपतं. आणि चढण्याआधी प्रत्येक पायरी ठोकून बघ."

पोस्टमनकाकांनी कितीतरी वर्षं ते पाळलं. दर वर्षी तेल, दर वेळी टकटक. माझ्या अंगावर उभं राहून त्यांनी कौलं बदलली, पन्हळ साफ केली. शेजारी मला मागून न्यायचे आणि परत देताना म्हणायचे, "शिडी असावी तर अशी!" खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

पुढे काका निवृत्त झाले, त्यांचे गुडघे कुरकुरू लागले. मी मागच्या भिंतीपाशी पावसात पडून राहिले. एका हिवाळ्यात माझी सातवी पायरी आतून तडकली. कुणाला पत्ताही नव्हता. घराचंही तेच झालं. पन्हळ लोंबू लागली, खिडक्यांची लाकडं पोपडे टाकू लागली, गवत गुडघ्यापर्यंत आलं.

मग एके सकाळी दारावर नगरपालिकेच्या कचेरीची नोटीस चिकटली. दहा दिवसांत घर दुरुस्त करा, दहाव्या दिवशी तपासनीस साहेब बघायला येतील. दुरुस्ती झाली नसेल तर घर राहण्यास अयोग्य ठरवून रिकामं करून घेतलं जाईल.

"आयुष्यभर लोकांच्या दारी कागद टाकले," काका पुटपुटले, "आणि आपल्या दारी हा कागद!"

काकूंनी, म्हणजे त्या सुताराच्या मुलीनं, नोटीस दोनदा वाचली. या घराबाहेर त्यांना दुसरं छप्पर नव्हतं.

दोघं कामाला भिडली. काकूंनी गवत कापलं. काका मात्र हिरव्या रंगाचा डबा घेऊन सुटले. रस्त्यावरून दिसेल ते सगळं त्यांनी रंगवलं. कुजलेल्या चौकटीही रंगवल्या.

"अहो, आतलं लाकूड भुसा झालंय. नुसतं वरून फासून काय होणार?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची! साहेब काय खिडक्या चावून बघणार आहे?"

दहाव्या दिवशी सकाळी काकू आत भांडी घासत होत्या. डब्यात रंग उरला होता आणि मी भिंतीपाशी बेंगरूळ दिसत होते. काकांनी मलाही रंगवलं! माझा तडा हिरव्या रंगाखाली गडप झाला. रंग सुकतो न सुकतो तोच त्यांनी मला पन्हळीला लावलं आणि ठोकून न बघताच चढू लागले. अकरा वाजता तपासनीस येणार होते.

चौथी. पाचवी. मित्रांनो, मला हात असते तर मी त्यांचा सदरा धरला असता. मी फक्त करकरले.

तेवढ्यात काकू झाडू घेऊन बाहेर आल्या. त्यांनी मला पाहिलं आणि जागीच थबकल्या.

"शिडीला रंग? अहो, उतरा खाली!"

"एक खिळा ठोकतो आणि..."

"पाय वर टाकू नका!" काकूंनी झाडूच्या दांड्याने त्यांच्या डोळ्यांदेखत एकेक पायरी ठोकली, शेवटी सातवी. बाकीच्या पायऱ्या टणटण वाजल्या. ही भद्द वाजली.

काका उतरले. फाटकातून आवाज आला, "छप्पर बघायचंय. शिडी लावलेलीच आहे, मी वर जातो."

तपासनीस आले होते! त्यांनी माझ्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. काकांनी पन्हळीकडे पाहिलं, मग काकूंकडे. गप्प राहिले असते तर एक माणूस पडला असता. बोलले तर घर जाणार होतं.

"साहेब, चढू नका," काका म्हणाले. "सातवी पायरी तडकलीय. मीच त्यावर रंग फासलाय. आणि खिडक्यांवरही. पन्हळ तर झालेलीच नाही."

काकूंनी डोळे मिटून घेतले.

तपासनिसांनी पाय मागे घेतला. नखाने चौकट खरवडली, आतून भुसा गळला. बराच वेळ ते लिहीत होते. मग म्हणाले, "काम अर्धवट असेल तर मुदत वाढवता येते. झाकपाक केलेलं मला सापडलं असतं तर नसती देता आली. महिना देतो. आधी रंग खरवडा."

रंग खरवडल्यावर दिसलं की सातव्या पायरीपाशी माझे दांडेही कुजलेत, म्हणून काकूंनी बापाची करवत काढली आणि मला सातव्या पायरीखाली कापलं. दुखलं. पन्हळ बसली ती शेजाऱ्याच्या शिडीवरून. मी खालून बघत होते आणि मला रडू येत होतं.

पण घर राहिलं. आता काका दर वर्षी मला तेल पाजतात आणि माझ्या सहाही पायऱ्यांवर टकटक करतात, अंडी काढायला जायचं असलं तरी. मित्रांनो, तुमच्या घरातलं काही जुनं कुरकुरू लागलं, तर रंगाचा डबा उघडण्याआधी त्याच्यावर एकदा ठोकून बघा. आणि जे ऐकू येईल ते खरं सांगा.