सात वर्तुळं

शाहीनच्या वहीत तांबड्या शाईची सात वर्तुळं होती. शिवांजलीबाईंनी ती पुन्हा मोजली. सातही वर्तुळांत शब्द एकच: काल. 'काल मी जळकोटला जाईन.' 'काल आमच्या घरी पाहुणे येणार.' वर्तुळं त्यांनीच काढली होती, जूनपासून, एकेक करून. सगळी एकत्र मात्र त्या आजच पाहत होत्या.

मधली सुट्टी होती. समोर शाहीनची दादी, रजियाबी बसली होती. टेबलावर मुख्याध्यापक महालिंगप्पा सरांनी पाठवलेला छापील कागद. त्यावर बापाची सही झाली, की पाचवीतली शाहीन मराठीच्या तासाला तिसरीच्या पोरांत बसणार होती. ती दाराशी उभी राहून वेणीच्या रिबिनीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"म्या अंगठा दिला आसता," रजियाबी म्हणाली, "पर सरांना सहीच पायजे. हिचा बाप काल येनार हाय सोलापूरहून. त्यो करंल."

"काल येणार?"

"व्हय. आज सोमवार, काल मंगळवार."

पहिल्या बाकावर डबा खाणारा बजरंग फिसकन हसला. "दादी, मंगळवार उद्या असतो."

"तुझा आसंल उद्या. आमच्यात गेला त्यो बी कल, येनार त्यो बी कल. तू भाकर खा."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी वही जवळ ओढली आणि या वेळी वर्तुळं सोडून प्रत्येक वाक्याचा शेवट पाहिला. जाईन. येणार. आणीन. सातही बरोबर. खाली एक वाक्य वर्तुळाविना होतं: 'काल आमची शेळी व्याली.' बी.एस्सी.ला असताना प्रयोगात एकच चूक त्याच जागी पुन्हा पुन्हा आली, की त्या आधी तराजू तपासत.

महालिंगप्पा सर आत आले. "झाली सही?"

"नाही, सर."

"बाई, दोन वर्षं ऐकतोय तुमचं. जे पोरगं जसं शिकतंय, त्याला तसं शिकवायचं म्हणे. फळ्यावर मात्र सगळ्यांना एकच उतारा. आता तिसरीत बसवायच्या पोरांची यादी तरी वेळेत द्या."

खरं होतं ते. बाईंनी तांबड्या पेनाला टोपण लावलं. कागदाची घडी घातली आणि सरांच्या हातात दिली.

"शाहीन इथंच बसेल. तिचा एक शब्द अडतोय, तो मी शिकवीन. बजरंग झरझर वाचतो, पण लिहिताना अर्धं गिळतो. त्याला काम वेगळं. सगळ्यांना एकच उतारा आता मिळणार नाही."

"आणि हे कधीपासून?"

बाईंनी दाराकडे पाहिलं. बोटाला गुंडाळलेली रिबीन सुटली होती.

"कालपासून," त्या म्हणाल्या.