व्याह्यांनी उपटलेले चार दात

माझे उजवीकडचे चार दात आमच्या व्याह्यांनी उपटले. चारही निरोगी होते. हे आधीच सांगतो, कारण पुढे मी जे केलं ते वाचून काही सज्जनांना व्याह्यांची दया येण्याचा संभव आहे.

व्याही ओराझगाली हे कझाकस्तानातल्या आमच्या आकबुलाक गावातले एकमेव दातांचे डॉक्टर. आमची मुलगी आयझान त्यांच्या घरात दिलेली. जावयाचं नातं शंभर वर्षांचं, व्याह्याचं हजार वर्षांचं, अशी आमच्याकडे म्हण आहे. ज्याने ती केली त्याचा व्याही दात काढत नसणार.

दुखणं सुरू झालं ते दाढी करताना. नाकाशेजारून वस्तरा फिरला आणि खालच्या दाढेत वीज कडाडली. दोन सेकंद. मग जणू काही झालंच नाही. मग चहाचा घोट घेतला, पुन्हा कडाडली.

व्याह्यांनी तोंडात आरसा घातला, दाढेवर ठोकून पाहिलं. दाढेने हूं की चूं केलं नाही.

"आतून किडलीय," ते म्हणाले.

"बाहेरून तर काही दिसत नाही."

"चोर बाहेरून दिसतो का, व्याही?"

व्याह्याला उपाशीपोटी खुर्चीत बसवणं हा आमच्यात अपमान, म्हणून आधी त्यांनी मला पोटभर मांस खाऊ घातलं आणि मग दाढ काढली. दुखणं शेजारच्या दाढेत राहायला गेलं. तीही काढली. मग तिच्या शेजारची. दर वेळी आधी जेवण, नंतर पक्कड.

"अहो, शहरात, शिमकेंतला जाऊन दुसऱ्या कुणाला दाखवा ना," कुलाय, माझी बायको, म्हणाली.

"आणि व्याह्यांना कळलं तर? मुलगी आहे त्यांच्या घरात."

"मुलगी आहे. पण जबडा आपला आहे."

चौथा दात गेल्यावर मला वाऱ्याची झुळूकही सोसेना. तोंडावर लोकरीचा मफलर गुंडाळून मी वर्गात भूगोल शिकवायचो. पोरं म्हणायची, सर दरोडा टाकायला निघालेत. व्याही पाचव्या दाताकडे प्रेमाने पाहू लागले, तेव्हा शिक्षकांच्या शिबिराची थाप मारून मी शिमकेंत गाठलं.

तिथली नसांची डॉक्टर, मेरुएर्त, माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची. तिने ना पक्कड घेतली ना आरसा. कापसाचा एक तंतू माझ्या नाकाशेजारी टेकवला. मी खुर्चीतून उडालो.

"कुठे दुखलं, काका?"

"खाली. मागच्या दाढेत."

"तिथे दाढ आहे का?"

मी जिभेने चाचपलं. नव्हती.

"मग दाढेचा काय गुन्हा?" ती म्हणाली. फोटो काढून तिने दाखवलं: डोक्यात, चेहऱ्याच्या नसेवर एक रक्तवाहिनी टेकून बसली होती. नस तिथे कळवळायची आणि पत्ता द्यायची दाढेचा. मिरगीवर देतात त्या गोळ्या तिने लिहून दिल्या. नाहीच भागलं तर ऑपरेशन आहे म्हणाली. "अशी माणसं निम्मा जबडा रिकामा करूनच माझ्याकडे येतात. तुम्ही पहिल्याच दाताला का नाही आलात?"

"व्याही आडवे आले."

दहाव्या दिवशी मी नाकाशेजारून सावकाश वस्तरा फिरवला. काही नाही. मग मी व्याह्यांकडे गेलो. वाटलं, एवढं म्हणतील, चुकलो. तेवढ्यावर मी हजार वर्षं काढली असती.

"बघा," ते म्हणाले, "चार काढले तेव्हा कुठे आराम पडला."

त्या क्षणी मी त्यांना जेवायला बोलवायचं ठरवलं.

मी बरा झालो म्हणून मेंढा कापला, सगळं गणगोत बोलावलं. सर्वांत मानाच्या पाहुण्यापुढे मेंढ्याचं डोकं ठेवायचं, हा रिवाज. ठेवण्याआधी खालचा जबडा काढतात आणि दात पाडून टाकतात. दातांसकट डोकं ठेवणं म्हणजे पाहुण्यावर दात खाणं.

"दात ठेव," मी कुलायला सांगितलं.

"लोक काय म्हणतील?"

"लोकांनी म्हणावं म्हणूनच तर."

तिने क्षणभर माझ्या गालाच्या खळग्याकडे पाहिलं आणि हातातला सुरा खाली ठेवला.

डोकं आलं. संपूर्ण, जबड्यासकट, सगळे दात विचकून. नाक व्याह्यांकडे. तीस माणसांची पंगत माना वळवून व्याह्यांकडे पाहू लागली. आमच्यात व्याह्यांची थट्टा करायची मुभा असते. अंगावर पीठ ओततात, पाण्यात ढकलतात, आणि त्यांनी हसायचंच असतं. व्याही हसायला लागले.

"व्याही, तपासा ना," मी म्हणालो. "तुमचाच विषय."

त्यांचं हसू थोडं आखडलं. पण धंद्याचा हात. बोट आपोआप दातांवरून फिरलं.

"चांगले आहेत. एकही किडलेला नाही."

"माझेही नव्हते," मी म्हणालो, आणि शिमकेंतच्या डॉक्टरणीने दिलेला कागद मोठ्याने वाचला. भूगोलाच्या मास्तराचा आवाज, शेवटच्या माणसापर्यंत पोहोचला. वाचून झाल्यावर मी तोंड उघडून ती मोकळी जागा पंगतीला दाखवली, डावीकडून उजवीकडे, सावकाश, नकाशा दाखवावा तशी.

व्याही डोक्याला सुरी न लावता उठले. आयझानने जाता जाता माझ्याकडे असं पाहिलं, की एरवी मी महिनाभर झोपलो नसतो. त्या रात्री मला उत्तम झोप लागली.

पाचव्या दिवशी व्याह्यांचा फोन आला.

"त्या डॉक्टरणीचा नंबर हवा होता. माझ्याकडे आणखी तीन जण आहेत, तुमच्यासारखे. एकाचे सहा काढलेत."

"देतो. पण आधी?"

पलीकडे त्यांनी दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"चुकलो, व्याही."

मी कुलायला हाक मारली, शेजाऱ्यांनाही बोलावून घेतलं. सगळे नीट बसल्यावर फोन स्पीकरवर टाकला.

"आवाज तुटत होता हो, व्याही. पुन्हा म्हणा."