माझ्या पोटातली बुरशी

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे आणि मला माझ्याच पोटाची किळस आली होती. शी! आठवलं तरी अंगावर काटा येतो.

माझा जन्म तेल भरण्यासाठी झाला. तेल संपल्यावर गोरेगावच्या बाजारातून रूपाबाईनं मला तांड्यावर आणलं. तिनं मला राखेनं घासलं, उन्हात तापवलं आणि माझ्यात वर्षाची लाल मिरची भरली. भरण्याआधी ती एक मिरची मोडून बघायची. कडकन मोडली, आतून कोरडी निघाली, की मग खोल वास घ्यायची आणि हिंगाचा खडा टाकून झाकण दाबायची. शेजारची पारुबाई म्हणायची, "रूपाबाईच्या डब्यातली मिरची वरीसभर लालच ऱ्हाती." हे ऐकून मी फुगून जायचो.

मागच्या उन्हाळ्यात मात्र घात झाला. सून निता देठं खुडायला बसली. शेजारी पाळण्यात तिचं तान्हं लेकरू होतं. ते ठसक्यानं लाल झालं, म्हणून तिनं मिरचीवर पाणी शिंपडलं. पुन्हा वाळवायचं होतं, पण आभाळ भरून आलं आणि घाईत ती ओलसर मिरची माझ्यात कोंबली गेली. रूपाबाईनं मिरची मोडून न बघताच नुसता वास घेतला आणि "बराबर हाय" म्हणाली.

मग माझ्या पोटात जे सुरू झालं, ते कोणाच्याही वाट्याला न येवो! मिरच्या मऊ पडल्या, एकमेकींना चिकटल्या. बियांभोवती राखाडी बुरशी चढली. आंबूस, कुबट वास कोंडला. त्यात पांढऱ्या अळ्या वळवळू लागल्या. मला ओकारी यायची, पण डब्याला ओकता कुठं येतं?

एक दिवस लेक मिना माहेरचं तिखट न्यायला आली. रूपाबाईनं झाकण काढलं. वरचा थर अजून लालच दिसत होता. माझ्यात तोंड घातलं, बराच वेळ तसंच ठेवलं. "बराबर हाय. गिरणीत न्या." मी हादरलो. दळल्यावर सगळं लालच दिसणार होतं. ही घाण मिनाच्या लेकरांच्या ताटात जाणार होती!

निताला वास आला. तिनं पदर नाकाला लावला. एक मिरची मोडायला गेली, तर ती नुसतीच वाकली. फाडली, तर आत काळं.

"आत्याबाई, नका धाडू. समदी नासली. लेकरू ठसकत हुतं म्हणून मीच पाणी मारलं. पण तुमाला वास कसा न्हाई आला?"

रूपाबाई खाली बसली. "मागं मला मोठा ताप आला हुता, तवापासून कशाचाच वास न्हाई येत."

"मग सांगितलं काहून न्हाई?"

"सांगितलं असतं तर या डब्याला मला हात लावू दिला असता का?"

नितानं मला उचललं. दोघींनी मिळून ती घाण शेताच्या कडेला खड्ड्यात पुरली. मिना त्या खेपेला रिकाम्या हातानं गेली. मला सोड्याच्या पाण्यानं धुतलं, आठवडाभर उन्हात पालथं घातलं. तरी मला किती दिवस तो वास येतच होता.

मित्रांनो, ओली मिरची डब्यात कोंडू नका. बुरशी दिसली तर धुऊन, वाळवून, दळून ती लपवू नका. ज्याच्या पोटात ती राहते, त्याला विचारा!

यंदा नवी मिरची आली. रूपाबाईनं एक कानाशी धरून हलवली. आत बिया खुळखुळल्या. मग तिनं मला निताकडं सरकवलं.

"घे, तू वास घे. तू व्हय म्हणल्याबिगर मी झाकण लावत न्हाई."